पायाच्या नसा आणि रक्ताभिसरणाचे विकार : प्रस्तावना

उभ्या माणसाच्या घोट्यातले रक्त हृदयाकडे परत जायचे तर त्याला मीटरभराहून जास्त उंची चढावी लागते. हृदय धमन्यांतून रक्त जोराने खाली पाठवते, पण केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून पार होईपर्यंत त्या जोरातले फारसे काही शिल्लक राहत नाही. परतीचा चढ मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या बळावर चढला जातो. पाऊल टाकताना पोटरी आवळते, तिच्यात खोलवर असलेल्या नीला, म्हणजे रक्त परत नेणाऱ्या नसा, दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. पोटरी सैल झाली की त्या पुन्हा भरतात. नीलांच्या आत ठिकठिकाणी दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. वर जाणाऱ्या रक्ताला त्या वाट देतात आणि खाली घसरणाऱ्याला अडवतात. विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह हेच काम करतो. तो गळका झाला की मोटार चांगली असूनही पाइपात पाणी टिकत नाही. माणूस एका जागी उभा असताना घोट्याजवळच्या नीलेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. तो चालू लागला की काही पावलांतच दाब ३०च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झालेल्या पायात हा दाब चालूनही पुरेसा उतरत नाही. फुगलेल्या नसा, संध्याकाळची सूज, काळवंडलेली कातडी, वर्षानुवर्षे न भरणारी जखम हे सगळे याच न उतरलेल्या दाबाचे परिणाम आहेत.

ही प्रस्तावना इचोड्याच्या परिसरातले पाय डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातले इचोडा हे राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचे मंडल मुख्यालय. आदिलाबाद शहरापासून ते साधारण ३० किलोमीटर दक्षिणेला, निर्मलच्या वाटेवर आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे भाग मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेला. त्यामुळे मराठी बोलणारी घरे, सोयरीक आणि दवाखान्याच्या वाटा सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरल्या. तेलुगू, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा या भागातल्या बाजारात कानावर पडतात. काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन आणि तूर ही इथली पिके, आणि पायांवर भार टाकणारी कामे याच पिकांभोवती फिरतात. निंदण उकिडवे बसून होते, वेचणी दिवसभर वाकून. पऱ्हाटीच्या ओळीत माणूस दोन पावले सरकतो आणि थांबतो, म्हणजे पोटरीला सलग चालण्याचा व्यायाम मिळत नाही आणि विसावाही मिळत नाही. रस्त्यावरच्या हॉटेलात भट्टीपुढे उभा असणारा आचारी, काउंटरमागचा दुकानदार, रात्रभर गाडी हाकणारा ट्रकचालक यांचीही गत तीच. मात्र उभे राहिल्यानेच नसा फुगतात, असे म्हणणे पूर्ण खरे नाही. आई किंवा वडिलांना हा त्रास असणे, लागोपाठची बाळंतपणे, वाढते वय, वाढते वजन आणि पूर्वी कधी खोल नीलेत झालेली गुठळी ही कारणे त्याइतकीच महत्त्वाची आहेत. उभ्याचे काम त्यांत भर घालते. उन्हाळ्यात नीला प्रसरण पावतात म्हणून मे महिन्यात पाय जास्त भरून येतात, हेही इथल्या रुग्णांना अनुभवाने ठाऊक असते.

रक्त एकाच दिशेने फिरते, हे वैद्यकाला कळायला बराच काळ लागला. पदुआच्या फॅब्रिशियसने नीलांमधल्या झडपांचे वर्णन १६०३ मध्ये छापले, पण त्या कशासाठी आहेत हे त्याला नीट उलगडले नाही. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वेने १६२८च्या ग्रंथात ते कोडे सोडवले. त्याचा प्रयोग कोणालाही स्वतःच्या हातावर करून पाहता येतो. दंडाला कापडाची पट्टी बेताने आवळली की कोपराखालच्या नसा फुगतात आणि त्यांवर मधूनमधून गाठीसारखे उंचवटे दिसतात. झडपा तिथेच असतात. फुगलेल्या नसेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेवायचे आणि दुसऱ्या बोटाने त्या जागेपासून वरच्या गाठीपलीकडे रक्त सारायचे. दुसरे बोट उचलले तरी गाठीच्या वरचे रक्त खाली उतरत नाही, मधला तुकडा सपाट राहतो. पहिले बोट उचलले की तो खालून भरतो. व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे फुगलेल्या नसा, असलेल्या पायात हा तुकडा वरूनच भरू लागतो. डॉप्लर सोनोग्राफी आज पडद्यावर पाहते ती हीच उलटी धार.

भारतीय वैद्यकातही या विषयाच्या खुणा जुन्या आहेत. सुश्रुतसंहितेत शिराज ग्रंथीचा उल्लेख आहे आणि शिरावेधावर शारीरस्थानात स्वतंत्र अध्याय आहे. आजच्या दृष्टीने त्याहून मोलाचा वाटतो तो सूत्रस्थानातला व्रणबंधाचा भाग. पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार तिथे सांगितले आहेत, आणि शरीराचा भाग पाहून बंध गाढ, सम की शिथिल असावा याचाही विचार केला आहे. पायाच्या जखमेवर पट्टी किती घट्ट असावी, हा प्रश्न आजही उपचाराच्या केंद्रस्थानी आहे.

नीलांच्या विकाराची चाल बहुतेकदा संथ असते. आधी कातडीवर निळसर-जांभळ्या बारीक रेघांचे जाळे दिसते. ते दिसायला खटकते, पण एरवी निरुपद्रवी असते. मग मांडीच्या आतल्या बाजूने किंवा पोटरीवर नागमोडी, दोरासारख्या नसा उठून दिसू लागतात. पाय जड होतात, ओढतात, रात्री गोळे येतात. संध्याकाळी घोटा सुजतो आणि सकाळी उतरतो. पुढे आतल्या घोट्याच्या वर कातडी तपकिरी होते, कारण दाबामुळे बाहेर झिरपलेल्या लाल पेशींतले लोह तिथे साचते. त्या जागी खाज येते, खरूज समजून मलमे लावली जातात. कातडी हळूहळू कडक, चकचकीत आणि खालच्या मांसाला चिकटलेली वाटू लागते. अशा कातडीला काटा लागण्याचे किंवा नखाने ओरखडण्याचे निमित्त पुरते आणि जखम होते. जगभरचे तज्ज्ञ या पायऱ्यांना शून्य ते सहा असे क्रमांक देतात. त्यात चौथी पायरी कातडीच्या बदलांची आणि सहावी उघड्या जखमेची. खेड्यातला रुग्ण बहुधा सहाव्या पायरीवर दवाखान्यात येतो. चौथीवर आला असता, तर सहावी बऱ्याचदा टळली असती. हा विकार सावकाश वाढतो म्हणून त्याला गाठायला वेळ मिळतो, आणि सावकाश वाढतो म्हणूनच तो वेळ वाया जातो.

पायावर जखम दिसली की पहिला प्रश्न असा विचारायला हवा : रक्त परत जात नाही, की मुळात पोचतच नाही? पहिला दोष नीलांचा, दुसरा धमन्यांचा. दोन्हींत पाय दुखतो, दोन्हींत जखम होते, पण एकाचा उपचार दुसऱ्याला घातक ठरतो. नीलेची जखम सहसा आतल्या घोट्याच्या वर असते, उथळ, वेड्यावाकड्या कडांची आणि ओली. तिच्याभोवतीची कातडी तपकिरी असते, पाऊल उबदार असते आणि पाय उंचावर ठेवला की बरे वाटते. धमनीची जखम बोटांच्या टोकांना, टाचेला किंवा घासल्या जाणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर होते. ती खोल, कोरून काढल्यासारखी आणि कोरडी असते. पाऊल थंड असते, पायावरचे केस गळलेले असतात, पावलाची नाडी हाताला लागत नाही. असा रुग्ण रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवतो, कारण तेवढ्यानेच थोडे रक्त खाली उतरते आणि ठणका कमी होतो. दिवसा त्याची तक्रार वेगळी असते : ठरावीक अंतर चालले की पोटरी धरते, दोन मिनिटे थांबले की सुटते, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा धरते.

या दोहोंचा निवाडा करणारी तपासणी साधी आहे. दंडावर आणि घोट्यावर रक्तदाबाची पट्टी बांधून, हातात मावणाऱ्या डॉप्लर यंत्राने नाडीचा आवाज ऐकत दोन्हीकडचा वरचा दाब मोजतात आणि घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागतात. निरोगी माणसात हे गुणोत्तर एकच्या आसपास असते. ०.९च्या खाली गेले तर धमनीत अडथळा आहे असे धरतात, ०.८च्या खाली घट्ट पट्टी टाळतात, ०.५च्या खाली पाय धोक्यात असतो. मधुमेहात धमन्या चुन्याने कडक झाल्या असतील तर आकडा फसवा, म्हणजे जास्त येतो आणि मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. या तपासणीला काही मिनिटे लागतात. ती न करता पायावर घट्ट पट्टी चढवणे हा निष्काळजीपणाच आहे, कारण रक्त आधीच कमी पोचणाऱ्या पायावर आवळलेली पट्टी उरलेला पुरवठाही तोडू शकते.

दोष नीलांचा आहे हे ठरले की मात्र पट्टीसारखा उपचार नाही. प्रतिजैविकांच्या गोळ्या, पावडरी, महागडी मलमे यांनी नीलेची जखम क्वचितच भरते; ती दाबाने भरते. पट्टी बांधायची वेळ सकाळची, अंथरुणातून उठण्याआधी, सूज चढलेली नसताना. पाऊल नडगीशी काटकोनात धरायचे. पायाच्या बोटांच्या मुळापासून सुरुवात करायची, टाच उघडी सोडायची नाही, प्रत्येक वेढ्याने आधीचा अर्धा वेढा झाकायचा आणि गुडघ्याच्या थोडे खाली थांबायचे. दाब घोट्याजवळ सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत गेला पाहिजे. जखम असलेल्या पायाला घोट्याजवळ ४० मिलिमीटरच्या आसपास दाब लागतो. तो अनेक थरांच्या पट्टीने चांगला टिकतो, कारण एकेरी क्रेप बँडेज काही तासांतच सैल पडते. उलट बांधलेली, म्हणजे पोटरीला घट्ट आणि घोट्याला ढिली पट्टी मुळीच न बांधण्यापेक्षा वाईट. बोटे निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा ठणका वाढला तर पट्टी लगेच सोडायची. जखम नसलेल्या पायाला मोजून घेतलेले दाबाचे मोजे पुरतात. त्यांतले लवचिक धागे सैलावतात, म्हणून ते साधारण सहा महिन्यांनी बदलावे लागतात. आदिलाबादच्या उन्हाळ्यात असे मोजे दिवसभर घालणे जिकिरीचे आहे, हे मान्य करूनच सल्ला द्यायला हवा. निदान उभ्या कामाच्या वेळेत ते घालणे आणि दुपारच्या विसाव्यात पाय छातीच्या वर ठेवून पडणे, एवढे बहुतेकांना जमते.

पट्टी लक्षणे आवरते, गळकी नीला तशीच राहते. तिच्यासाठी पूर्वी मोठी शस्त्रक्रिया होती. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडीतली मोठी वरवरची नीला बांधण्याची पद्धत रूढ केली. पुढे ती नीला ओढून काढू लागले. एकविसाव्या शतकात चित्र बदलले. सोनोग्राफीत पाहत गुडघ्याजवळ सुईच्या छिद्रातून नीलेत बारीक तार सरकवतात, भोवती बधिर करणारे द्रावण भरतात आणि लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने नीला आतून बंद करतात. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये ही पद्धत पहिल्या पसंतीची ठरवली. ती शक्य नसेल तर फेस केलेल्या औषधाचे इंजेक्शन, आणि तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया, असा क्रम तिने दिला. जखम असताना ही प्रक्रिया करावी की भरल्यावर, याचे उत्तर २०१८ मध्ये एव्हरा चाचणीने दिले. ४५० रुग्णांच्या या चाचणीत पट्टीच्या जोडीने लवकर नीला बंद केलेल्यांची जखम भरायला मध्यक ५६ दिवस लागले, उशिरा केलेल्यांना ८२.

नस बंद केली तर रक्त कुठून जाणार, असे रुग्णाचे नातेवाईक हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. पायातले बहुतांश रक्त खोल नीलांतून वर जाते. वरवरची फुगलेली नीला ते काम करत नव्हतीच, उलट वर गेलेले रक्त ती खाली आणत होती. ती बंद केल्याने खोल नीलांवरचा भार हलका होतो. अट एवढीच की खोल नीला मोकळ्या आहेत, हे आधी सोनोग्राफीने पाहिलेले असावे.

खोल नीलेत रक्ताची गुठळी होणे हा वेगळ्या तातडीचा आजार आहे. रक्त साचून राहणे, वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही जर्मन वैद्य फिरखो यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणे आजही शिकवली जातात. प्रत्यक्षात ती अशी दिसतात : हाड मोडून पाय प्लास्टरमध्ये असणे, मोठी शस्त्रक्रिया, कर्करोग, लांबचा सलग प्रवास, गर्भारपण आणि विशेषतः बाळंतपणानंतरचे सहा आठवडे. काही घरांत बाळंतिणीला दिवसेंदिवस खाटेवर ठेवतात आणि पाणीही बेताचेच देतात. या आजाराच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. तिने लवकर उठून हिंडावे आणि भरपूर पाणी प्यावे. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली तर त्या पायाला मालिश करू नये, शेकू नये. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर अचानक धाप लागते, छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडते आणि माणूस दगावूही शकतो. उपचार हेपॅरिनच्या इंजेक्शनांनी किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी होतो. ही औषधे गुठळी विरघळवत नाहीत, ती वाढू देत नाहीत. विरघळवण्याचे काम शरीर स्वतः करते. म्हणून बरे वाटले तरी गोळ्या किमान तीन महिने घ्याव्या लागतात. वॉरफॅरिन घेणाऱ्याने आयएनआर ही रक्ततपासणी वेळच्या वेळी करून घ्यायची आणि दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

धमन्यांच्या विकारात या भागात दोन गोष्टी ठळक आहेत : मधुमेह आणि तंबाखू. मधुमेहाने पावलाची जाणीव मंदावते, चप्पल चावलेली कळत नाही, आणि धमनीही अरुंद असेल तर छोट्या जखमेचे गँगरीन होते. तंबाखूचा या भागाशी संबंध नुसत्या सवयीचा नाही. आदिलाबादच्या जंगलातून उन्हाळ्यात तेंदूपत्ता गोळा होतो, आणि निर्मल-निजामाबाद पट्ट्यात बिड्या वळण्यावर हजारो बायकांची चूल चालते. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये ज्याचे सविस्तर वर्णन केले तो बर्गरचा आजार भारतात बिडी ओढणाऱ्या तरुण गरीब पुरुषांत जास्त आढळतो. पंचेचाळिशीच्या आत हातापायाच्या लहान धमन्या सुजून बंद होतात, बोटे काळी पडतात आणि एकेक बोट कापावे लागते. हा आजार रोखणारा एकच उपचार सिद्ध झालेला आहे : तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला दोन बिड्या चालतील, अशी तडजोड इथे नाही. बिडी सोडून खर्रा धरला तरी निकोटिन शरीरात जातच राहते. वयस्कांच्या धमनीविकारात साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे, रोज ठरवून चालणे आणि गरजेप्रमाणे फुग्याने धमनी रुंद करणे किंवा बायपास हे मार्ग आहेत. मांडीतली निरोगी नीला त्या बायपाससाठी वापरता येते.

पायाची प्रत्येक सूज नीलेची नसते. दोन्ही पाय सारखे सुजले तर आधी हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि रक्तक्षय तपासावा. हत्तीरोगात सूज पावलाच्या पाठीवर आणि बोटांवरही चढते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरता येत नाही, ही त्याची खूण. गोंड, कोलाम, परधान समाजांतल्या तरुण रुग्णाच्या घोट्याला जखम असेल तर सिकलसेलची चाचणी झालीच पाहिजे. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांच्या तुलनेत भारतीय सिकलसेलमध्ये अशा जखमा कमी दिसतात, तरी हा आजार रक्त गोठण्याचा धोकाही वाढवतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे ही चाचणी आदिवासी भागात पूर्वीपेक्षा सहज मिळते. मूळव्याध, अंडकोषाभोवतीच्या फुगलेल्या नसा आणि यकृताच्या आजारात अन्ननलिकेत फुगणाऱ्या नसा हेही नीलांचेच विकार, पण त्यांची कारणे आणि डॉक्टर वेगळे.

घरगुती उपायांबद्दल स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. तेल लावून कातडी मऊ ठेवणे चांगले. जखमेवर पाला, हळद-चुना किंवा गुलाची राख भरणे वाईट, कारण नाजूक कातडी आणखी भाजते आणि जंतू शिरतात. जळवा लावण्याने सूज तात्पुरती उतरल्यासारखी वाटते, पण मधुमेही किंवा रक्तपुरवठा कमी असलेल्या पायात तो चावाच नवी जखम ठरू शकतो. फुगलेली नस फुटून रक्ताची धार लागली तर घाबरून मांडीला दोरी आवळू नये. त्याने नीलांतला दाब वाढतो आणि रक्त जास्तच वाहते. रुग्णाला लगेच आडवे करावे, पाय छातीपेक्षा उंच धरावा आणि रक्त येते त्या जागेवर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाब द्यावा. बहुतेक वेळा रक्त थांबते. उभे राहून किंवा खुर्चीत बसून दवाखान्याची वाट पाहणारी माणसे या साध्या रक्तस्रावाने दगावलेली आहेत.

इचोड्याहून आदिलाबादचे रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय तासाभराच्या अंतरावर आहे. रक्तवाहिन्यांच्या विशेष शस्त्रक्रियेसाठी नागपूर आणि हैदराबाद ही दोन्ही शहरे त्याच महामार्गावर येतात. काळे पडू लागलेले बोट, एकाएकी थंड आणि पांढरा पडलेला पाय, अचानक सुजलेली एक पोटरी यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आणि गुडघ्याखालची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर आशाताईंनी, कंपाउंडरने, घरच्यांनी मलम बदलत बसू नये. त्या पायाचे रक्ताभिसरण तपासून घ्यावे.